परतीचा दोर कुणाच्या हातात?

मे महिना आला की एक छायाचित्र पुन्हा समोर येतं. २२ मे २०१९ रोजी निर्मल पुर्जा या नेपाळी गिर्यारोहकाने टिपलेलं. एव्हरेस्टच्या माथ्याखालची अरुंद धार आणि तिच्यावर एकाच दोराला अडकवून घेतलेली, रंगीत सुटांतली, मुंग्यांच्या रांगेसारखी उभी माणसं. त्या छायाचित्रावरून वाद पेटतो आणि दोन तट पडतात. एक तट म्हणतो, पैसेवाल्या हौशी लोकांनी पर्वताची जत्रा करून टाकली; आता फक्त खऱ्या गिर्यारोहकांनाच वर सोडा, शुल्क वाढवा, जमलं तर काही वर्षं डोंगरच बंद ठेवा. दुसरा म्हणतो, पर्वत कुणाच्या मालकीचा नाही. अंगात धमक आणि गाठीला पैसा असेल त्याला जाऊ द्या, जीव त्याचा, धोका त्याचा. नेपाळ सरकारने १ सप्टेंबर २०२५ पासून वसंत मोसमाच्या परवान्याचं शुल्क ११,००० वरून १५,००० डॉलर केलं. एव्हरेस्टला निघणाऱ्याने आधी नेपाळमधलं ७,००० मीटरच्या वरचं एखादं शिखर गाठलेलं असावं, अशी अट विधेयकात मांडली. तेव्हापासून वाद आणखी तापला आहे. मला तो मुळातच चुकीच्या जागी चाललेला वाटतो. वर कोणी जावं यावर दोन्ही बाजू हिरिरीने भांडतात. परत फिरायचं कोणी ठरवायचं, आणि ठरवणाऱ्याला त्याची काय किंमत मोजावी लागते, हे मात्र कुणी विचारत नाही. दोरावर सोबत असलेल्या शेर्पा वाटाड्याला ‘इथून मागे’ असं म्हणण्याचा अंतिम अधिकार मिळाला पाहिजे आणि तो वापरल्यामुळे त्याचा एक पैसाही बुडता कामा नये, हे माझं म्हणणं आहे. ते होत नाही तोवर शुल्क, अटी आणि संख्या यांवरच्या चर्चेतून फारसं काही निघणार नाही.

गर्दीला विरोध करणाऱ्यांचा मुद्दा आधी पूर्ण मान्य करते, कारण तो खरा आहे. २०१९ च्या वसंतात नेपाळने ३८१ परवाने दिले होते. प्रत्येकासोबत किमान एक शेर्पा धरला तर वर जाणाऱ्यांचा आकडा आपोआप दुप्पट होतो. शिखर चढण्याजोगं शांत हवामान मेच्या उत्तरार्धात मोजके दिवसच मिळतं, त्यामुळे सगळे त्याच दिवसांत निघतात. वाट एक, दोर एक, आणि चढणारे-उतरणारे त्याच दोरावर. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश असतो. ८,००० मीटरच्या वर शरीर विरळ हवेशी जुळवून घेऊच शकत नाही, ते फक्त झिजत जातं. पाठीवरचा प्राणवायू तासांच्या हिशेबाने पुरतो. अशा जागी पुढचा माणूस क्रॅम्पॉन, म्हणजे बुटांखालचे काटे, नीट रोवता येत नाहीत म्हणून दोन तास खोळंबला, तर ते दोन तास मागच्या प्रत्येकाच्या नळकांड्यातून वजा होतात. त्या मोसमात एव्हरेस्टवर ११ माणसं दगावली. सगळी गर्दीमुळे गेली असं म्हणता येणार नाही, पण गर्दीचा त्यात काहीच हात नव्हता असंही म्हणवत नाही. ज्याला दोरावर जुमार (दोर पकडून वर सरकायची खीळ) सरकवायला शिकवावं लागतं त्याने ८,००० मीटरवर असू नये, यावर माझं कुणाशीच भांडण नाही. नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये परवान्यांवर मर्यादा घालायला सांगितलं ते रास्तच होतं.

पण इथून ‘फक्त खरे गिर्यारोहक’ या निष्कर्षावर उडी मारली जाते, तिथे माझे पाय अडखळतात. खरा कोण, हे कशावरून ओळखायचं? १४ जुलै १८६५ रोजी आल्प्समधल्या मॅटरहॉर्नवर पहिल्यांदा माणसं पोहोचली. सात जण होते. उतरताना चार कोसळले. पहिला घसरला तो १९ वर्षांचा डग्लस हॅडो. त्याला सोबत घ्यावं की नाही याबद्दल त्याच तुकडीतल्या एडवर्ड व्हिम्परने आधी विचारणा केली होती आणि उत्तर मिळालं होतं की त्याने आल्प्समधलाच मों ब्लां नुकताच चढला आहे, तोही बहुतेकांपेक्षा कमी वेळात. म्हणजे १८६५ मध्येही दुसऱ्या शिखराचा दाखला पाहून माणूस दोराला बांधला गेला होता, आणि तो दाखला खरा होता! हॅडोसाठी शब्द टाकणारे चार्ल्स हडसन त्या काळातले नावाजलेले गिर्यारोहक. त्यांनी दिलेला निर्वाळा अप्रामाणिक नव्हता, तरी कोसळलेल्या चौघांत तेही होते. मग ७,००० मीटरचा दाखला आज याहून वेगळं काय सिद्ध करणार? अट असू द्या, अगदीच कोरा माणूस तिने अडेल. पण ती पुरेशी आहे असं मानणं म्हणजे हॅडोची कथा अर्धीच वाचणं. आणि त्या अपघातानंतर लंडनच्या वृत्तपत्रांनीही आजच्यासारखाच प्रश्न विचारला होता: असला खेळ हवाच कशाला? खेळ बंद झाला नाही, तो वाढतच गेला.

हौशी लोकांमुळे माणसं मरतात हे म्हणणारे १९९६ चं नाव घेतात. त्याच वर्षाकडे मीही बोट दाखवते. १० आणि ११ मेच्या वादळात एव्हरेस्टवर आठ जण दगावले. त्यांतला रॉब हॉल हा गिऱ्हाइकांना वर नेणारा मोहीमप्रमुख त्याआधी चार वेळा शिखरावर जाऊन आलेला होता. स्कॉट फिशर त्याच तोडीचा. उत्तरेच्या बाजूने भारत-तिबेट सीमा पोलिसांच्या मोहिमेतले तिघे गेले, तेही हौशी नव्हते. दुपारी दोनला, कुठेही असलात तरी परत, हा नियम हॉललाच सगळ्यात जास्त ठाऊक होता. आदल्या वर्षी त्याने आपल्या एका गिऱ्हाइकाला दक्षिण शिखराजवळून, म्हणजे माथ्याच्या थोडं अलीकडच्या उपशिखराजवळून, परत फिरवलं होतं. १९९६ मध्ये तोच माणूस पुन्हा आला आणि या खेपेला हॉल माथ्यावर त्याची वाट पाहत थांबला; तो पोहोचला तेव्हा चार वाजून गेले होते. दोघंही परतले नाहीत. अनुभव कमी पडला म्हणून हे घडलं का? मला तर उलट दिसतं. एकदा परत फिरवलेल्या माणसाला दुसऱ्यांदा ‘नाही’ म्हणणं किती जड जातं, ते त्या दोन तासांत दिसतं. नियम होता, जाणकार माणूस होता, फक्त नियमाच्या मागे उभं राहणारं कुणी नव्हतं. ‘नाही’ म्हणण्याचा सगळा भार एकट्याच्या मनावर होता, तोही आठ हजार मीटरच्या वर, जिथे मेंदूला पुरेसा प्राणवायू पोहोचत नाही.

या बाबतीत जपानच्या फुजीवर जे चाललं आहे ते मला शहाणपणाचं वाटतं. ३,७७६ मीटरचा हा डोंगर एव्हरेस्टच्या तुलनेत सोपा, पण तिथेही माणसं मुक्काम न करता रातोरात चढून सूर्योदय गाठायच्या मागे लागली, थंडीने आणि विरळ हवेने आजारी पडू लागली. २०२४ मध्ये यामानाशी प्रांताने योशिदा वाटेवर फाटक बसवलं. दिवसाला ४,००० माणसं आणि माणशी २,००० येन, ही झाली नेहमीची उपाययोजना. मोलाचा भाग पुढे आहे: संध्याकाळी चारनंतर पहाटे तीनपर्यंत फाटक बंद, वरच्या निवाऱ्यात जागा राखून ठेवलेली असेल तरच आत. पुढच्या वर्षी शुल्क दुप्पट झालं आणि फाटक दुपारी दोनलाच बंद होऊ लागलं. तू कोण, किती शिखरं चढलास, हौशी की पट्टीचा, हे तिथे कुणी विचारत नाही. किती वाजलेत आणि रात्री कुठे झोपणार, एवढंच विचारतात. नियम माणसाच्या लायकीला लावलेला नाही, त्याच्या वागण्याला लावलेला आहे. आणि फाटक लावणाऱ्या माणसाला त्याबद्दल कुणी दंड करत नाही.

आता एका माणसाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण त्याची आठवण या वादात कुणी काढत नाही. २६ मे १९५३ रोजी, तेनझिंग आणि हिलरी शिखरावर पोहोचले त्याच्या तीन दिवस आधी, चार्ल्स इव्हान्स आणि टॉम बोर्डिलन दक्षिण शिखरापर्यंत गेले. त्याआधी इतक्या उंचीवर कुणी पोहोचल्याची नोंद नव्हती. माथा उरला होता जेमतेम शंभर मीटर उंचीचा. वाजला होता दुपारचा एक. इव्हान्सच्या पाठीवरचं प्राणवायूचं यंत्र त्रास देत होतं. बोर्डिलनला पुढे जायचं होतं. यंत्र त्याने आपल्या वडिलांसोबत स्वतः घडवलेलं, आयुष्याची कमाई समोर दिसत होती. इव्हान्सने हिशेब केला: वर जाता येईल, परत येता येणार नाही. दोघं फिरले. उतरताना दमून, घसरत, कसेबसे खाली पोहोचले. तीन दिवसांनी हिलरी आणि तेनझिंग त्याच धारेवरून निघाले तेव्हा त्यांना वाटेत या दोघांनी ठेवलेली प्राणवायूची दोन नळकांडी मिळाली, साधारण एक तृतीयांश भरलेली. उतरताना ती कामी आली. पहिल्या यशस्वी मोहिमेच्या परतीच्या वाटेवर परत फिरलेल्यांचा श्वास होता, असं मी म्हटलं तर ते अलंकारिक नाही, शब्दशः खरं आहे. दोनच वर्षांनी हाच इव्हान्स कांचनजंगा मोहिमेचा नेता होता. सिक्कीमच्या चोग्यालांना, म्हणजे तिथल्या राजांना, शब्द दिला होता की पवित्र माथ्यावर पाऊल ठेवणार नाही. २५ मे १९५५ रोजी जो ब्राउन आणि जॉर्ज बँड माथ्याच्या काही फूट खाली थांबले. दुसऱ्या दिवशी गेलेली जोडीही तिथेच थांबली. जगातल्या तिसऱ्या क्रमांकाच्या पर्वतावर पहिल्यांदा पोहोचलेली माणसं माथ्यावर गेलीच नाहीत, आणि तरी त्या चढाईला अपुरी म्हणायची कुणाची छाती झाली नाही. इव्हान्सचं नाव किती जणांना माहीत आहे?

आपल्या भाषेतही याची मुळं आहेत. आपण म्हणतो, शिखर ‘सर’ केलं. सर करायचा तो गड. गडावर किल्लेदार असतो, शिबंदी असते, दरवाजा फोडावा लागतो. पर्वतावर समोर कुणीच नसतं. दुसरा वाक्प्रचार त्याहून खोल रुतलेला: परतीचे दोर कापणे. सिंहगडावर तानाजी पडल्यावर मावळे मागे फिरू लागले तेव्हा सूर्याजीने दोर कापल्याचं सांगितलं, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो, आणि त्यातून नकळत असं शिकतो की परतीची वाट मोकळी ठेवणारा कच्चा. पण त्याच इतिहासातलं पन्हाळ्याचं पान काय सांगतं? १६६० च्या जुलैत महाराज वेढ्यातून निसटले आणि विशाळगडाकडे निघाले. घोडखिंडीत बाजीप्रभू पडले ते एक माघार सुखरूप पार पडावी म्हणून. १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले दिले, १६७० मध्ये एकेक परत घ्यायला सुरुवात झाली. मागे येण्याला कमीपणा मानला असता तर पुढचं स्वराज्य कुठून उभं राहिलं असतं? शिर सलामत तर पगडी पचास म्हणणारी आपली माणसं. गिर्यारोहकाचं कौतुक करताना मात्र आपल्याला फक्त कापलेले दोर आठवतात. माथ्यावरचा झेंडा धरलेला फोटो आला की मिरवणूक, सत्कार, बक्षीस. दोनशे मीटर खालून शहाणपणाने परतलेल्याला ‘थोडक्यात हुकलं’ अशी सहानुभूती. या फोटोची भूक इतकी की २०१६ मध्ये एका भारतीय जोडप्याने फोटोत फेरफार करून शिखर गाठल्याचा दावा केला आणि नेपाळने त्यांच्यावर दहा वर्षांची बंदी घातली. त्यांना दोष द्या, जरूर द्या. पण तो खोटा फोटो विकत घ्यायला बाजार आपणच मांडला होता.

हे झालं हौसेने जाणाऱ्यांचं. पोटासाठी जाणाऱ्यांचं काय? ७ जून १९२२ रोजी ताज्या बर्फाने भरलेल्या उतारावरून जॉर्ज मॅलरीच्या नेतृत्वाखाली एक तुकडी एव्हरेस्टच्या उत्तरेकडच्या नॉर्थ कोल या खिंडीकडे निघाली. उतारावरचा बर्फ सुटला. सात भारवाहक गेले, ब्रिटिश सगळे वाचले. त्यांतला हॉवर्ड सॉमरवेल पुढे अनेक वर्षं त्रावणकोरमधल्या नेय्यूरला डॉक्टर म्हणून राबला. त्याने मागे लिहून ठेवलं आहे की मेलेल्यांत आपल्यापैकी एखादा का नव्हता, हा प्रश्न त्याला खात राहिला. चढायचं कोणी ठरवलं होतं आणि मेलं कोण? बारा वर्षांनी नांगा पर्वतावर वादळात जर्मन मोहिमेतले तीन गिर्यारोहक आणि सहा शेर्पा गेले. गे-ले नावाचा शेर्पा खाली येण्याइतका धडधाकट होता असं मानलं जातं, तो नेत्याजवळ थांबला आणि तिथेच गेला. त्याच्या निष्ठेचे गोडवे आजही गायले जातात. मला ते वाचवत नाहीत. त्याला निघून यायची मोकळीक होती का, हे आधी कुणी सांगेल का?

१८ एप्रिल २०१४ च्या सकाळी एव्हरेस्टच्या बेस कॅम्पवरच्या खुंबू हिमप्रपातावर बर्फाचा कडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार गेले. त्या वेळी तिथे दोर-शिड्यांच्या वाटेवरून सामान वर नेण्याचं काम चाललं होतं. गिऱ्हाइकांचे तंबू, प्राणवायू, स्वयंपाकाचं साहित्य. १९२१ ते २००६ या काळातल्या एव्हरेस्टवरच्या मृत्यूंचा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ८,००० मीटरच्या वर मरण पावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जण शिखर गाठून उतरताना मेले होते. शेर्पांचे मृत्यू मात्र मुख्यतः खाली झालेले, हिमस्खलनात आणि कोसळत्या बर्फात. गिऱ्हाईक माथ्याच्या ओढीने मरतं, शेर्पा ओझ्याच्या खेपांत मरतो. २०१४ मध्ये सरकारने मृतांच्या कुटुंबांना सुरुवातीला ४०,००० नेपाळी रुपये देऊ केले. तेव्हा शेर्पांनी काय केलं? त्यांनी काम थांबवलं. आपली माणसं बर्फाखाली असताना त्या वाटेने पुन्हा जाणार नाही म्हणाले, आणि नेपाळच्या बाजूचा मोसम जवळजवळ संपूर्ण बुडाला. माझ्या मते एव्हरेस्टच्या इतिहासातली ही सगळ्यात मोठी माघार आहे. ‘मागे’ हा शब्द त्यांना सगळ्यांनी मिळून, सोळा प्रेतांनंतर उच्चारता आला. एकट्या शेर्पाला, एकट्या गिऱ्हाइकासमोर, एका साध्या वादळी सकाळी तो उच्चारता यायला हवा.

तो का उच्चारता येत नाही? कारण त्याच्या मेहनतान्याचा एक भाग शिखराला बांधलेला असतो. अनेक मोहिमांत रोजच्या पगाराखेरीज शिखर गाठल्यावर वेगळा बोनस मिळतो, वरून गिऱ्हाइकाची बक्षिसी. म्हणजे वादळ येताना दिसलं, गिऱ्हाइकाची बोटं काळी पडताना दिसली, तरी परत फिरवणाऱ्याने स्वतःच्या मुलांच्या फीवर पाणी सोडायचं. हे मी काही वर्षांपूर्वी, अगदी लहान प्रमाणात, जवळून पाहिलं. स्टोक कांगरी, लडाखमधलं ६,१५३ मीटरचं शिखर. गर्दी आणि पाण्याचा ताण यामुळे २०२० पासून ते बंद झालं, त्याआधीची गोष्ट. मध्यरात्री निघालो होतो. हिमनदी ओलांडून खांद्याच्या धारेखाली आलो तेव्हा उजाडत होतं आणि मी दर चार पावलांनी थांबत होते. मला वाटत होतं, छान चाललं आहे. आमचा वाटाड्या पुढे होता. तो वळला, माझ्या डोळ्यांत पाहिलं, मला माझंच नाव आणि आजचा वार विचारला. वार मला आठवेना. “दीदी, आज नहीं. वापस,” एवढंच म्हणाला. मी वाद घातला. पैसे भरलेत, एवढ्या लांबून आले, अजून दीड तास फक्त, असं सगळं बोलले. आज त्या बोलण्याची लाज वाटते. तो ऐकत राहिला आणि माझा दोर स्वतःला बांधून उतरायला लागला. खाली आल्यावर दोन दिवसांनी दुसऱ्या एका मदतनिसाकडून कळलं की शिखर झालं तरच आयोजक त्याला ठरलेली वरची रक्कम देणार होते. ती गेली होती. माझ्याशी तो याबद्दल एक शब्द बोलला नव्हता. मी ती रक्कम नंतर पोहोचती केली, पण त्याने प्रश्न सुटत नाही. त्याने ‘वापस’ म्हटलं तेव्हा ती मिळेल हे त्याला माहीत नव्हतं.

स्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्यांचं उत्तर इथे ठरलेलं असतं: सज्ञान माणसाने आपल्या जिवाचं काय करावं हे दुसऱ्याने का ठरवायचं? हा मुद्दाही हलका नाही. लायकी ठरवणारे पंच बसवले असते तर दृष्टिहीन एरिक वाइहेनमायर २००१ मध्ये एव्हरेस्टवर गेला नसता, आणि एक पाय गमावलेली अरुणिमा सिन्हा २०१३ मध्ये गेली नसती. दारावर बसून कुणाला आत घ्यायचं ते ठरवणारी माणसं नेहमी आपल्यासारख्यांनाच आत घेतात. म्हणूनच माझा जोर दारावर नाही. पण ‘माझा जीव, माझा धोका’ हे वाक्य ८,००० मीटरवर खोटं ठरतं, कारण तिथे कुणीच एकटं नसतं. दोर दुसऱ्याने लावलेला, प्राणवायू दुसऱ्याने वाहिलेला, आणि कोसळलात तर उचलायला येणाराही दुसराच. आणि जो निर्णय घ्यायचा त्याचं साधनच तिथे निकामी झालेलं असतं. प्राणवायू कमी पडला की पहिला बळी जातो तो स्वतःची अवस्था ओळखण्याच्या शक्तीचा. मला वार आठवत नव्हता आणि मला वाटत होतं छान चाललं आहे. दारू प्यायला बसण्याआधी गाडीची चावी दुसऱ्याकडे देणाऱ्याचं स्वातंत्र्य कमी होतं का? तो शुद्धीत असतानाच आपलं स्वातंत्र्य वापरत असतो. वाटाड्यालाही विरळ हवा बाधते, हे खरं. तेवढ्यासाठीच परतीची वेळ खाली, बेस कॅम्पवर, पोटभर श्वास मिळत असताना ठरायला हवी, आणि वर ती फक्त पाळायची असावी. धुक्यामुळे वैमानिक विमान उतरवायला नकार देतो तेव्हा प्रवासी तिकिटाचे पैसे दाखवून त्याला धमकावत नाही. वैमानिकाचा त्या दिवसाचा पगारही कापला जात नाही. आकाशात जे आपण इतक्या सहज मान्य केलं, ते पर्वतावर मान्य करायला अडचण कसली?

अडचण पैशाची आहे, हे मी नाकारत नाही. डोंगर बंद करा म्हणणाऱ्यांना तर माझं हेच सांगणं आहे. खुंबूतल्या, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या शेर्पा वस्त्यांतल्या, घरांत गेल्या सत्तर वर्षांत जे आलं ते या वाटेने आलं. खुमजुंगची शाळा १९६१ ची, कुंदेचं रुग्णालय १९६६ चं, दोन्ही हिलरींच्या पुढाकाराने उभी राहिलेली. दूर शहरात बसून पर्वताला विश्रांती द्या म्हणणं सोपं आहे. विश्रांतीच्या काळात तिथल्या चुली कशावर पेटायच्या, हे बोलणाऱ्याने सांगितलं पाहिजे. आणि शिखराचा बोनस काढून तेवढी रक्कम मूळ पगारात घातली तर मोहीम महागेल, मग स्वस्त आयोजक बाजार खाऊन टाकतील, ही भीतीही खरी आहे. एका भल्या आयोजकाने एकट्याने हे करून भागणार नाही. म्हणून ते परवान्यातच लिहिलेलं असायला हवं, सगळ्यांना सारखं. परवाना देतानाच वाटाड्याचं पूर्ण मानधन सरकारी खात्यात जमा व्हावं आणि तो सुखरूप परतल्यावर, शिखर होवो न होवो, त्याला मिळावं. परतीची वेळ अर्जावर असावी. वाटाड्याने परत फिरवल्यावर गिऱ्हाइकाने न ऐकता पुढे जायचं ठरवलं, तर तिथून पुढे सोबत जाण्याची सक्ती वाटाड्यावर नसावी, आणि त्याबद्दल त्याला कुणी कामावरून काढू नये. हे सगळ्यात कठीण कलम आहे, मला ठाऊक आहे. ८,५०० मीटरवर माणसाला सोडून येणं कुणालाही सोपं नाही, आणि बहुतेक शेर्पा सोडणार नाहीत. पण आज गिऱ्हाईक नेमकं याच भलेपणाच्या जोरावर वर चालत राहतं.

यावर एक शेर्पाच उठून म्हणू शकतो की आम्हाला दयेची गरज नाही, आम्हालाही शिखर हवं असतं. बरोबर आहे. कामी रिता शेर्पा मे २०२५ मध्ये एकतिसाव्या वेळी एव्हरेस्टवर गेले. अशा माणसाला पर्वताविषयी मी काय शिकवणार? त्यांच्यासारख्यांचा शब्द दोरावर अखेरचा मानला जावा, एवढंच मागते आहे. २७ जुलै २०२३ रोजी केटूवर, जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शिखरावर, एक पाकिस्तानी भारवाहक वाटेत जखमी होऊन पडला आणि कित्येक जण त्याला ओलांडून शिखराकडे गेले. जगभर त्यांच्या निर्दयतेवर लिहिलं गेलं. मला त्या रांगेतल्या प्रत्येक मदतनिसाबद्दल विचारावंसं वाटतं: त्या क्षणी तो आपल्या गिऱ्हाइकाला म्हणू शकत होता का, की आज तुमचं शिखर इथेच संपलं, आता आपण सगळे या माणसाला खाली नेणार आहोत? आणि म्हटलं असतं, तर महिनाअखेर त्याच्या हातात किती पैसे पडले असते?